येडाईचे खडे आणि अप्पांचे वाफे

अप्पा, तुम्हाला येडाईनं नेलं असं गाव म्हणतंय. माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही. मी जवळ गेलो की बोलणं बैलांवर, कडब्यावर वळतं. पण पारावर आणि पाणवठ्यावर तेच चाललंय. मास्तरनं देवीचे खडे जाळले, देवीनं वरीस उलटू दिलं नाही, ऐन यात्रेच्या तोंडावर नेलं.

तुम्हाला माती देऊन आलो, शाळा उघडली, तर निम्मी पोरं नाहीत. करीम मास्तर म्हणाले, "गम है मियाँ, येतील." आली नाहीत. मग कळलं, पोरं दुःखानं घरी बसलेली नाहीत, भीतीनं बसलेली आहेत. पंचांपैकी एकजण दारावरून जाता जाता सांगून गेला, "ते वाफे-बिफे आता बास करा. बाराखडी अन् पाढे शिकवा, सुखानं घरी जावा."

अप्पा, तुम्ही गेलात याचं मला दुःख आहे. पण तुमचं काम तुमच्याच मरणाच्या नावानं बुजवायला निघालेत, याचा मला संताप आहे. संतापात मला लिहिता येतं, हे तुम्हाला माहीत आहे.

तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, मागं कोण कोण, हे मी इथं लिहिणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला तुमच्याशी उरलेलं भांडण भांडायचं आहे, आणि भांडता भांडता आभार मानायचे आहेत. तुमच्यासमोर मला यातलं पहिलंच जमायचं.

ज्यांनी तुमचा वर्ग पाहिला नाही त्यांना वाफा म्हणजे काय ते सांगायला हवं. सरकारी शाळेत घंटा वाजली की हिसाब, पुन्हा वाजली की जुगराफिया म्हणजे भूगोल, पुन्हा वाजली की उर्दू. तुम्ही म्हणायचात, पोराचं डोकं घंटेवर चालत नाही. बागायतीत एका पाटाचं पाणी कांद्याला जातं, मेथीला जातं, बांधावरच्या झेंडूलाही जातं. तसं एक वस्तू धरायची, साधी, रोजच्या नजरेतली, आणि तिच्यावरून सगळं शिकवायचं. शुक्रवारच्या सुट्टीत आपण तिघं शाळेच्या ओट्यावर बसायचो. तुम्ही, उर्दू आणि चित्रकला शिकवणारे करीम मास्तर, आणि तुमच्याच हाताखाली शिकून तुमच्याच शाळेत धाकटा मास्तर झालेला मी. पुढच्या महिन्याचा वाफा तिथं ठरायचा. कापसाचा वाफा झाला तेव्हा पोरांनी बोंड फोडून सरकी मोजली, पिंजाऱ्याची धनुकली वाजवून बघितली, घरून जात्यावरच्या ओव्या गोळा करून आणल्या आणि करीम मास्तरांनी त्यांच्याकडून कापसाचं पिवळं फूल काढून घेतलं. ते फूल संध्याकाळपर्यंत गुलाबी होतं, हे शेतात वाढलेल्या पोरांनी तोवर नीट पाहिलं नव्हतं.

त्याच वेळी तालीमात खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब मुआयन्याला, शाळा तपासायला आले होते. वर्गभर कापूस उडालेला. साहेबांनी विचारलं, "ये हिसाब का घंटा है कि मुसव्विरी का?" करीम मास्तर घाबरून तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही हात जोडून म्हणालात, "हुजूर, सरकी मोजताहेत तवर हिसाबचा. फूल काढताहेत तवर मुसव्विरीचा." मी मागं उभा राहून वाट बघत होतो की आता ठिणगी पडणार, शाळेची इजाजत जाणार, आणि मग मला गावभर पत्रक वाटता येणार. साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. एक बोंड उचलून शेरवानीच्या खिशात घालून गेले. मी तुम्हाला म्हणालो, "अप्पा, तुम्ही त्याच्यापुढं हात जोडायला नको होते." तुम्ही म्हणालात, "हात जोडले म्हणून त्याचा हात बोंडापर्यंत गेला, परचेवाले."

परचेवाले, म्हणजे पत्रकवाले. हे नाव तुम्हीच मला दिलं आणि गावानं उचललं. माझी खरी अक्षरओळख पत्रकांवर झाली. बार्शीकडून, संस्थानाच्या हद्दीपलीकडून, धान्याच्या पोत्यांत दडून पत्रकं यायची. माझा चुलता ती कडब्याच्या गंजीत ठेवायचा आणि मी गंजीत शिरून वाचायचो. जुलूम, जागृती, एल्गार, हे शब्द मी आधी शिकलो आणि कांदा, भाकर लिहायला नंतर. त्यामुळं मला प्रत्येक धडा आरोळीसारखा हवा असायचा. तुमचा धडा आरोळी द्यायचा नाही. वर्गात एखादी वस्तू ठेवून तुम्ही गप्प बसायचात. माझं आणि तुमचं सगळं भांडण एवढ्यातच आहे.

गेल्या चैत्रात चुन्याचा वाफा तुम्ही काढलात तेव्हा मला वाटलं, आता खरी लढाई. चैत्री पुनवेनंतर देवीची पालखी डोंगरावरून खाली आमराईकडं येते आणि वाटेवरच्या रानात हजारो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. कपाळाला लावतात, ढिगावर टाकतात. देवळाच्या कामाला चुना कमी पडला होता, तेव्हापासूनची रीत, असं म्हातारे सांगतात. तुम्ही म्हणालात, "आपल्या गावातलं सगळ्यात मोठं कोडं आपल्या पायाखाली हाय. पोरं दरवर्षी ते वेचतात अन् दरवर्षी टाकून देतात."

ओट्यावर आपलं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, "खड्यावर लिंबू पिळा. तो फसफसेल. मग सरळ सांगा, हा दगड आहे. यात देवी-बिवी काही नाही. एका धड्यात शंभर वर्षांचं खूळ उतरेल."

"पोरांनी विचारलंय का, यात देवी हाय का म्हणून?"

"न विचारलेलंच सांगायचं असतं. त्यासाठीच मास्तर असतो."

"त्यासाठी परचा असतो," तुम्ही म्हणालात. "मास्तर विचारायची वाट बघतो."

"वाट बघता बघता जन्म जाईल!"

करीम मास्तरांनी मधे पडून पान पुढं केलं. "चुन्यावर भांडताय तर चुना तरी खा."

तुम्ही देवीच्या ढिगातला एकही खडा घेतला नाही. यात्रा पांगल्यावर पोरांना रानात नेलंत आणि बांधाच्या कडेचे खडे वेचून आणलेत, हे मी साक्षीला राहून लिहितो. लिंबू पिळलं. खडा फसफसला. पोरं किंचाळली. तुम्ही काहीच सांगितलं नाहीत, फक्त म्हणालात, "आता दुसरा कुठलाबी दगड आणा अन् करून बघा." अख्खी शाळा गावभर दगडांवर लिंबं पिळत फिरली. लिंबं संपली तेव्हा चिंच कालवली. मी तेव्हा कपाळाला हात लावला होता. आज आठवलं की हसू येतं.

तात्या पाटलांची गोदा घरी जाऊन सांगून बसली की शाळेत देवी फसफसली. दुसऱ्या दिवशी तात्या चार माणसं घेऊन शाळेच्या दारात.

"मास्तर, देवीच्या खड्यावर आंबट पिळतंय व्हय तुमचं इद्यालय?"

"पिळलं, पाटील."

"अन् म्हणं आता जाळणार हाय?"

"भाजणार हाय. चुना कसा होतो ते बघायला."

"पोरी काढून घेतो मी शाळंतनं. माझ्या मागं सगळं गाव काढंल."

मला हे हवंच होतं. मी तेवढ्यात मनात पत्रकाची पहिली ओळ जुळवली होती. तुम्ही मात्र म्हणालात, "काढा की. पर काढायच्या आदी एकदा या. परवा भट्टी लावतोय. समद्यांनी या. देवीचा अपमान वाटला तर तिथंच माझा कान धरा."

आणि ते आले. बायका आल्या, देवीच्या आराधिणी आल्या, पाटील सगळ्यांच्या पुढं. तुम्ही आदल्या दिवसापासून गोवऱ्या रचून खडे भाजत ठेवले होते. भाजलेले खडे परातीत काढले. मुलांना लांब उभं केलं. "आता बघा," म्हणालात आणि पाणी ओतलं.

काहीच झालं नाही.

तुम्ही आणखी पाणी ओतलंत. खडे काळे, ओले, गप्प. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. करीम मास्तर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. मागून एक म्हातारी म्हणाली, "देवीनं न्हाय म्हटलं." पाटलांनी मिशीवर हात फिरवला.

तुम्ही परातीत वाकून बघितलंत, डोकं खाजवलंत आणि पोरांकडं वळून, अगदी खरोखरच न कळल्यासारखं म्हणालात, "आरं, हे का झालं न्हाय?"

न कळल्यासारखं नव्हे. तुम्हाला कळलंच नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी असा मास्तर पाहिला नव्हता, जो गावासमोर हरतो आणि हरल्या जागीच वर्ग सुरू करतो. एक पोरगं म्हणालं खडे चुकीचे आणले. दुसरं म्हणालं पाणी थंड होतं. पाटलांच्या बरोबर आलेला एकजण म्हणाला गोवरीला आच न्हाय, बाभळीचं लाकूड पाहिजे. पाटील त्याच्यावर उखडले, "बाभळीनं काय होतंय? कोळसा पाहिजे, कोळसा, अन् खालनं वारा." आराधिणींचं म्हणणं आणखी वेगळं. पाहता पाहता देवी बाजूला राहिली आणि सगळं गाव आचेवरून भांडायला लागलं. तुम्ही म्हणालात, "मग तिन्ही लावू. गोवरीची, लाकडाची अन् पाटलांची."

पाटलांची भट्टी! लोहाराचा भाता पाटील स्वतः खांद्यावर घालून आले. दोन दिवस तीन भट्ट्या शेजारी शेजारी धगधगल्या. शाळा सुटली तरी पोरं हलेनात. शेवटी पाणी ओतलं तेव्हा पहिल्या दोन्ही परातींनी पुन्हा दगा दिला आणि तिसरी तडतडली, फुगली, वाफ सोडून उकळली. पाटील लहान पोरासारखे ओरडले, "माझी पेटली! माझी पेटली!" कान धरायचा राहूनच गेला.

त्या चुन्यानं आपण शाळेची पुढची भिंत पोतली. करीम मास्तरांनी चुना ओला असतानाच मुलांच्या हातात गेरू, नीळ आणि काजळी दिली. ओल्या चुन्यात रंग मुरतो, सुकल्यावर जात नाही, हे ते नेमकं सांगत बसले नाहीत. मुलांना दुसऱ्या दिवशी ओला हात घासून बघायला लावलं. आराधिणींनी म्हटलेली गाणी पोरांनी उतरवून घेतली आणि मग स्वतःची जुळवली, खडा रानातून भिंतीपर्यंत कसा आला त्याची. गोदेच्या गाण्यात खडा म्हणतो की मला तीनदा भाजलं तेव्हा मी गोरा झालो. मी आजवर वाचलेल्या सगळ्या पत्रकांत इतकी चांगली ओळ मला आठवत नाही.

पण भांडण मिटलं नाही. मी म्हणालो, "अप्पा, सगळं झालं, पण शेवटचं तुम्ही सांगितलंच नाही." तुम्ही म्हणालात, "अजून विचारलं न्हाय कुणी." मी म्हणालो हा भित्रेपणा आहे. तुम्ही चिडला नाहीत. आणि मला आजही वाटतं की माझं थोडं बरोबर होतं. तुम्ही तेव्हा एक वाक्य बोलला असतात तर आज गाव तुमच्या मरणावर ही गोष्ट रचू शकलं नसतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि तुमचं स्वतःचं काय, यात्रेत वाकून खडा वेचताना तुम्ही मनात काय म्हणायचात, हे विचारायचंही राहिलं.

यंदा फाल्गुन सरता सरता तुम्ही पडलात. मुदतीचा ताप. कळंबच्या हकीमसाहेबांनी लंघन सांगितलं. तापाच्या भरात तुम्ही वाफ्यांबद्दल बोलत होता असं मी लिहिलं तर लोकांना आवडेल, पण तसं झालं नाही. तुम्ही पाणी मागत होता आणि आईला हाका मारत होता. मग हाका थांबल्या. तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून माती दिली, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवून. वर्गात मुलांपुढं जमिनीवर बसायचात तसेच बसला होता. करीम मास्तर खड्ड्याच्या काठावरून हलेनात. म्हणाले, "असं वाटतं मियाँ, अब्बी उठून विचारतील, हे का झालं न्हाय."

आणि नंतर ती कुजबुज. मी पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं, अप्पा. अंधश्रद्धेच्या चिंधड्या, गुरुद्रोही गाव, सगळं त्यात होतं. पहिलं वाचन पाटलांच्या तोंडावर करायचं ठरवून मी त्यांच्या ओसरीवर गेलो, कारण गोदा शाळेत येत नव्हती आणि ती आली नाही तर कुणीच येणार नाही.

पाटील बाजेवर बसले होते. उठले नाहीत. म्हणाले, "ये. दार लोटून घे."

मी कागद काढला. त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. हळू आवाजात म्हणाले, "एक इचारू? खडे अप्पानं आणले. पर चुना कुणाच्या भट्टीत झाला?"

मी कागद खाली घेतला.

"माझ्या. भाता म्या मारला. पेटली म्हणून नाचलो मी." त्यांनी दाराकडं बघून आवाज आणखी खाली आणला. "अप्पा गेला. आता माझा नंबर. घरात कुणाला सांगता येत न्हाय."

मी गावाविरुद्ध लढायला गेलो होतो आणि तिथं एक माणूस मरणाच्या भीतीनं एकटा बसला होता. पत्रकात त्याच्यासाठी एकही ओळ नव्हती. मी ते घडी करून ठेवलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.

"पाटील, देवीनं नाही नेलं अप्पांना."

"मग कशानं?"

"तापानं."

"ताप कशानं आला? पुस्तकं वाचतोस तू. सांग."

मला पुस्तकातलं अर्धंमुर्धं माहीत होतं. मुदतीचा ताप पाण्यातून येतो असं वाचलं होतं. पण कुठल्या पाण्यातून, कसा, अप्पांनाच का, हे मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी गावातल्या माणसापुढं म्हणालो, "मला नक्की माहीत नाही."

पाटलांचा श्वास जरा मोकळा झाल्यासारखा वाटला. "अप्पाबी असंच म्हणला असता," ते म्हणाले. "मग हुडक की. मास्तर हाईस न्हवं? पोरीला लावून देतो सकाळी. पर खोटं सांगू नको तिला. म्हायती न्हाय तर न्हाय म्हण."

अप्पा, तुमच्याकडून मी काय शिकलो असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन. एका घाबरलेल्या माणसाला माझ्या माहीत नसण्याचा आधार वाटला. हा आधार तुम्ही गावाला देऊन गेलात, मी फक्त तो वापरला. याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही.

आज सकाळी गोदा आली. तिच्या मागोमाग आणखी काही. मी ठरवून काही बोललो नाही. करीम मास्तर खिडकीशी उभे होते. मग गोदा उभी राहिली.

"मास्तर, माझी आजी बी असल्याच तापानं गेली. आदल्या पावसाळ्यात. तवा तर कुणी खडे जाळले नव्हते."

वर्ग एकदम हलला. "माझा चुलतभाऊ बी!" "आमच्या शेजारची काशी!" "आमच्यात दोघं पडले व्हते, पर उठले!" मी "एकेक बोला" म्हणेपर्यंत करीम मास्तर गेरूचा खडा घेऊन फरशीवर गुडघे टेकून बसले होते. त्यांनी गाव काढायला घेतलं. देऊळ, वेस, गल्ल्या, ओढा, तीन आड आणि खालच्या आळीतली पायऱ्यांची बारव. पोरं त्यांच्या खांद्यावरून वाकून ओरडत होती, "आमचं घर हितं न्हाय, जरा वर!" ज्या घरात असला ताप झाला त्या घरावर एक ठिपका. जे उठले त्यांचा पोकळ, जे गेले त्यांचा भरीव. प्रत्येक ठिपक्याबरोबर त्या माणसाची एखादी गोष्ट सांगायची, असं करीम मास्तरांनी मधेच ठरवून टाकलं. गोदेनं सांगितलं, आजी हरभरा भाजायची तेव्हा पहिली मूठ चिमण्यांना टाकायची.

तुमच्या घराची पाळी आली तेव्हा गेरू कुणी हातात घेईना. करीम मास्तरांनी तो माझ्यापुढं धरला. मी तुमच्या घरावर ठिपका ठेवला. भरीव. पोरांनी गोष्ट मागितली. मी परातीची सांगितली, काही न झालेल्या काळ्या खड्यांची, आणि सगळ्यांच्या आधी करीम मास्तर हसले.

ठिपके सगळीकडं सारखे पडलेले नाहीत, अप्पा, खालच्या आळीकडं ते दाट आहेत. ते सगळ्यांनाच दिसलंय. का, ते मी सांगितलेलं नाही, कारण मला अजून ठाऊक नाही. आता तीनही आडांवर आणि बारवेवर जायचंय, कोण कुठलं पाणी भरतं ते बघायचंय, घरोघर विचारायचंय. पाटील म्हणाले आहेत, खालच्या आळीत मी येतो बरोबर, मला न्हाय म्हणायची कुणाची टाप न्हाय.

हे लिहीत असताना पोरं बाहेर जमली आहेत. कुणीतरी कळशी आणली आहे, कुणीतरी दोर. गोदा दारातून हाक मारते आहे. मला निघायला हवं.